कोर्स संपला, त्रास संपेना: अँटिबायोटिकच्या लांबलेल्या दुष्परिणामांशी पुण्यात कसं निभवायचं

लघवीला जळजळ, जुलाब किंवा सायनस. पाच-सात दिवसांच्या गोळ्या होतात, मूळ दुखणं जातं. मग टाचेमागची शीर धरते, तळव्यांना मुंग्या येतात, रात्री झोप उडते, छातीत विनाकारण धडधडतं. डॉक्टरांना सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "गोळी केव्हाच शरीराबाहेर गेली हो. टेन्शन घेऊ नका आणि गुगल करू नका."

पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. गोळी शरीराबाहेर जाते, पण तिनं केलेली इजा तिच्याबरोबर जातेच असं नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन या फ्लुरोक्विनोलोन (थोडक्यात क्विनोलोन) गटाबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २००८ मध्ये कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग, टेंडन) सुजण्या-तुटण्याचा ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१३ मध्ये नसांना होणारी इजा कायमची असू शकते, असं सांगितलं. २०१६ मध्ये तर साधा सायनस, ब्राँकायटिस आणि साधा मूत्रमार्गाचा संसर्ग यांसाठी दुसरा पर्याय असताना ही औषधं वापरू नका, असं बजावलं. युरोपच्या औषध यंत्रणेनं २०१८-१९ मध्ये आणि ब्रिटनच्या यंत्रणेनं जानेवारी २०२४ मध्ये वापर आणखी आवळला. असे लांबलेले दुष्परिणाम फार क्वचित होतात, हेही त्याच यंत्रणा सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी असा रुग्ण खरोखरच पाहिलेला नसेल. तुम्ही खोटं बोलताय असा मात्र त्यातून अर्थ निघत नाही.

माझं एक ठाम मत आधीच सांगतो. "हे त्या गोळीनंच झालं, कबूल करा" हा वाद जिंकायच्या मागे लागू नका. तो सिद्ध करणारी रक्ताची तपासणी आज कुठल्याच लॅबमध्ये नाही, आणि त्या वादात अपॉइंटमेंटची दहा मिनिटं संपतात. त्या दहा मिनिटांत दोन गोष्टी पदरात पडायला हव्यात: आजच्या त्रासाची नीट तपासणी, आणि ती गोळी पुन्हा पोटात जाणार नाही याची लेखी सोय. तिसरी गोष्ट, सरकारी नोंद, तुमची तुम्हालाच करता येते.

ही लक्षणं असतील तर लेख बाजूला ठेवा

टाचेमागे कट्‌ असा आवाज झाला, मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर गाठा. छातीत, पाठीत किंवा पोटात अचानक फाडल्यासारखी कळ आली तर थेट इमर्जन्सी. महाधमनीला इजा होण्याचा धोका क्विनोलोन गटाशी जोडलेला आहे. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असेल तर यकृत तपासा. अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडमुळे यकृताला होणारी इजा कधीकधी कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी दिसते. कोर्सनंतर महिना-दोन महिन्यांत ताप, पोटदुखी, रक्त पडणारे जुलाब सुरू झाले तर घरात उरलेली जुलाबाची गोळी घेऊ नका, डॉक्टरांकडे जा. जेंटामायसिन किंवा अमिकॅसिनच्या इंजेक्शनांनंतर कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, चालताना समोरचं दृश्य हलत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे उशीर करू नका. ही हानी बहुधा भरून येत नाही. टीबीच्या इथॅम्ब्युटॉलवर किंवा लांबलेल्या लिनेझोलिडवर असताना रंग फिके दिसू लागले, तर डोळे तपासून घ्या.

पुणेकरांसाठी आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारे सिंड्रोमची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते त्या आजाराची) साथ आली होती. त्यात अनेकांना आधी जुलाब झाले आणि नंतर पायांतली ताकद गेली. जुलाबासाठी आपल्याकडे अँटिबायोटिक सर्रास दिलं जातं, त्यामुळे दोष गोळीवर ढकलणं सोपं आहे. पण अशक्तपणा पायांकडून वर चढत असेल, जिना चढता येईनासा झाला असेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर न्यूरॉलॉजी असलेलं हॉस्पिटल तासाभरात गाठायचं.

क्विनोलोन गटामुळे मनावरही परिणाम होऊ शकतो: घबराट, गोंधळ, खोल उदासी. जीव द्यावासा वाटत असेल तर घरातल्या माणसाला आत्ता सांगा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

कोर्स अजून चालू असेल तर? क्विनोलोनवर असताना कंडरा दुखणं, मुंग्या, मानसिक गोंधळ यांपैकी काही सुरू झालं, तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन करायचा. औषध बदलून मिळू शकतं. टीबीच्या रुग्णांनी मात्र आपल्या मनानं काहीही बंद करू नये. तिथे हीच औषधं जीव वाचवतात, आणि अर्धवट सोडणं त्यांच्या दुष्परिणामांपेक्षा महागात पडतं.

नेमकं काय घेतलं होतं?

हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. "ती पांढरी, लांबट गोळी" यावर कुठलाही डॉक्टर काही करू शकत नाही. स्ट्रिप सापडली तर मागच्या बाजूचा फोटो काढा. त्यावर ब्रँडच्या नावाखाली मूळ औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि बॅच नंबर असतो. नावाच्या शेवटी "फ्लॉक्सॅसिन" असेल तर तो क्विनोलोन गट. जुलाबासाठी मिळणाऱ्या कितीतरी गोळ्यांमध्ये ऑफ्लॉक्सॅसिनबरोबर ऑर्निडॅझोल एकत्र असतं, आणि घेणाऱ्याला आपण दोन औषधं घेतली याचा पत्ताही नसतो.

स्ट्रिप फेकली गेली असेल तर मेडिकलवाल्याकडे जा. ऑनलाइन मागवलं असेल तर ऑर्डर अ‍ॅपमध्ये असतेच. लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. १ मार्च २०१४ पासून दुकानदाराला अशा विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, त्यात डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहायचं असतं, आणि ती नोंद तीन वर्षं जपायची असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनला हा नियम नाही, तिथे बिलाची कॉपीच शोधावी लागेल. "बिल कशाला, पाच रुपये सुटे द्या" या आपल्या सवयीची किंमत इथे कळते.

दवाखान्यातूनच पुडीत बांधून गोळ्या मिळाल्या असतील तर त्याच डॉक्टरांकडे शांतपणे नाव लिहून मागा. हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट होता तर इनडोअर केसपेपरची प्रत मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायची असते. अर्ज लेखी करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणीला "रेकॉर्ड रूमवाले सुट्टीवर आहेत" हे उत्तर तयार असतं.

त्या दिवसांत आणखी काय चालू होतं तेही लिहून काढा. स्टेरॉइड चालू होतं का? स्टेरॉइड आणि क्विनोलोन एकत्र आले की कंडरा तुटण्याचा धोका वाढतो. वय साठच्या पुढे, किडनीचा विकार किंवा अवयव प्रत्यारोपण असेल तरीही वाढतो. पाठदुखीसाठी टिझॅनिडिन असलेली गोळी घेत होता का? सिप्रोफ्लॉक्सॅसिनबरोबर ती द्यायचीच नसते, रक्तदाब एकदम खाली येतो.

एक पान, एकच पान

प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट कोंबून डॉक्टरांच्या टेबलावर ओतण्याची आपली रीत आहे. ती सोडा. एका कागदावर वरच्या भागात: वय, जुने आजार, रोजची औषधं. मध्ये तारखांसह: कशासाठी कुठलं अँटिबायोटिक, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी बंद, पहिलं लक्षण कधी. खाली: आज काय करता येत नाही.

हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. "खूप त्रास होतो" हे वाक्य डॉक्टर दिवसभर ऐकतात. "आधी रोज सकाळी तळजाईला चालायला जायचो, आता सोसायटीचा एक मजला चढताना कठडा धरावा लागतो" किंवा "गाडीचा क्लच दाबताना मनगट धरतं म्हणून बसनं येते" हे मात्र केसपेपरवर लिहिलं जातं. त्यातून तुमची क्षमता किती घटली हे कळतं, आणि काही महिन्यांनी तुलनाही करता येते.

रोजची डायरी ठेवायची तर दोन ओळींची. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक मुंगीची नोंद ठेवली तर लक्ष चोवीस तास शरीरावरच राहतं आणि त्रास वाढल्यासारखा वाटतो.

डॉक्टरांसमोर

फॅमिली डॉक्टर असेल तर सुरुवात तिथूनच करा, तेच चुकीचं औषध देऊन बसलेत असं वाटत असलं तरी. वर्षानुवर्षं तुम्हाला ओळखणारा माणूस "ह्या काकू उगाच तक्रार करणाऱ्या नाहीत" असं एका वाक्यात पुढच्या डॉक्टरांना लिहू शकतो, आणि त्या वाक्याचं वजन मोठं असतं. मग लक्षणाप्रमाणे तज्ज्ञ निवडा: मुंग्या-जळजळीला न्यूरॉलॉजिस्ट, कंडरेला ऑर्थोपेडिक किंवा स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर, धडधडीला हृदयाचे. जंगली महाराज रस्त्यापासून औंधपर्यंत पाच तज्ज्ञ पाच दिशांना फिरवत असतील, तर सगळं एकत्र बघणारा एक फिजिशियन धरा.

बोलताना निष्कर्ष शेवटी ठेवा. "मला फ्लुरोक्विनोलोन टॉक्सिसिटी झाली आहे" अशी सुरुवात केली की समोरचा माणूस बचावात जातो. त्याऐवजी असं बोलून पाहा: "डॉक्टर, अमुक तारखेला लेव्होफ्लॉक्सॅसिन सुरू झालं, चौथ्या दिवशी दोन्ही टाचा धरल्या, गोळी बंद केली तरी आज चालता येत नाही. दुसरं काही कारण आहे का ते आधी बघूया. आणि औषधाची शक्यता वाटत असेल तर तसं पेपरवर लिहाल का?" "शक्यता" म्हटलं की डॉक्टरांना लिहायला जड जात नाही. औषधाच्या प्रतिक्रियेचं मोजमाप वैद्यकातही असंच, पायऱ्यांनी होतं: निश्चित, संभाव्य, शक्य. लक्षण औषधानंतर आलं का, बंद केल्यावर कमी झालं का, दुसरं कारण आहे का, एवढंच पाहिलं जातं. तुमच्या एका पानावर ही उत्तरं असतीलच.

"हे वयामुळे आहे" असं उत्तर आलं तर विचारा: "असेलही. पण दोन्ही टाचा एकाच आठवड्यात धरल्या, त्याची तपासणी कुठली करूया?" "सगळं नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत" असं आलं तर: "चिंता आहेच, तिचाही उपचार घेईन. तळव्यांच्या जळजळीसाठी काय करायचं?" दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. मानसोपचाराला जाणं म्हणजे आजार खोटा असल्याची कबुली नव्हे. शिवाय नसांच्या वेदनेवर दिली जाणारी ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधं मुळात नैराश्यावरचीच आहेत. चिठ्ठीवर ते नाव पाहून अपमान वाटून घेऊ नका.

बायकांना हे जास्त ऐकावं लागतं, असं माझं निरीक्षण आहे. चाळिशीतल्या बाईची जळजळ "मेनोपॉज" या एका शब्दात आटोपते. बरोबर कोणी घेऊन जा. भांडायला नव्हे, लिहून घ्यायला. पुण्यात सुशिक्षित घरांतही डॉक्टरसाहेबांपुढे तोंड उघडायचं नाही अशी शिस्त आहे, आणि घरी आल्यावर "ते काय म्हणाले?" याला उत्तर नसतं.

दोन भेटींनंतरही तपासणीच होत नसेल तर डॉक्टर बदला. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे आणि ती हॉस्पिटलमध्ये दिसेल अशी लावायची असते. जुन्या डॉक्टरांशी कडवटपणा न आणता रिपोर्ट घेऊन निघा. परत जायची वेळ येऊ शकते.

कुठल्या तपासण्या?

तपासण्यांचा उद्देश दुसरी, बरी होणारी कारणं शोधणं हा आहे. बी-१२ पहिली. शाकाहारी घरांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ते कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याच्या मुंग्या हुबेहूब अशाच असतात. मग एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, यकृत, स्नायूंसाठी सीपीके. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल तर तेही सांगा, स्नायू त्यानंही दुखतात. कंडरेसाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय.

नसांच्या एनसीव्ही तपासणीबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. ती जाड नसा तपासते. जळजळ, टोचणं, गरम-थंड नीट न कळणं हे काम बारीक नसांचं असतं, आणि त्या बिघडल्या तरी एनसीव्ही नॉर्मल येऊ शकतं. "नॉर्मल" रिपोर्ट म्हणजे तुमचा त्रास नाहीच, असं नव्हे. हे न्यूरॉलॉजिस्टना ठाऊक असतं; घाईत सांगायचं राहून जातं.

पैसे कुठे घालवू नयेत

हा त्रास उलटवणारा सिद्ध उपचार आज नाही. म्हणूनच बाजार मोठा आहे: सलाइनमधून मॅग्नेशियम, स्टेम सेल, "टॉक्सिन काढणारी" पॅकेजेस, महागडे काढे. मॅग्नेशियमयुक्त आहार घ्यायला हरकत नाही. नाचणी, डाळी, शेंगदाणे घरात असतातच. पण शिरेतून काही घेण्याआधी आपल्या फिजिशियनला विचारा. धातू असलेली भस्मं तर किडनीचा विकार असणाऱ्यांनी मुळीच स्वतःहून घेऊ नयेत.

सगळ्यात सहज होणारी चूक बी-कॉम्प्लेक्सची. मेडिकलमधून मिळणाऱ्या नसांच्या गोळ्यांत बी-६ भरपूर असतं, आणि ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते. म्हणजे मुंग्यांसाठी गोळी आणि गोळीमुळे मुंग्या. एकाहून जास्त सप्लिमेंट चालू असतील तर सगळ्यांतलं बी-६ एकत्र मोजा.

रोजचं जगणं

दुखऱ्या कंडरेला सुरुवातीला विश्रांती, पण पलंगावर पडून राहणं नको. फिजिओथेरपिस्टला औषधाचा इतिहास सांगा. नेहमीच्या मुरगळण्यापेक्षा इथे भार फार हळू वाढवायचा असतो, कारण क्विनोलोननंतर कंडरा तुटण्याचा धोका कोर्स संपल्यावर काही महिने राहतो. टाचेमागच्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं तर हा धोका बोलून दाखवा. सपाट, मऊ रस्ता निवडा. पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडीचा उतार पुढे कधीतरी. बरं वाटलेल्या दिवशी सगळी कामं उरकायला जाऊ नका, दुसरे दोन दिवस त्यात जातात. लक्ष्मी रोडची खरेदी आणि जुन्या वाड्यातल्या नातेवाइकांकडचा लाकडी जिना एकाच दिवशी ठेवायचा नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

झोप बिघडली असेल तर दुपारनंतरचा चहा-कॉफी बंद. कोर्स चालू असताना हे जास्तच लागू, कारण सिप्रोफ्लॉक्सॅसिनमुळे कॅफिन शरीरात रेंगाळतं.

घरच्यांना काय सांगायचं? बाहेरून काही दिसत नाही, म्हणून "काल तर बरी होतीस" हे ऐकायला लागतं. तुमचं ते एक पान त्यांनाही वाचायला द्या. ऑफिसमध्ये डॉक्टरांच्या पत्राशिवाय बोलू नका, आणि मागणी नेमकी ठेवा: दिवसभर उभं राहायचं काम नको, आठवड्यातून दोन दिवस घरून काम. श्रवणशक्ती गेली असेल किंवा नसांची हानी कायमची ठरली असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली यूडीआयडीसाठी (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींना ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

सरकारी नोंद: हे टाळू नका

औषधाच्या प्रतिक्रियेची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. भारताचा औषध-दक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि त्याचं केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत. रुग्णांसाठीचा वेगळा फॉर्म त्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. पुण्यात ससूनच्या आवारातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा औषधशास्त्र विभाग हे काम पाहतो.

किमान चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण, काय झालं, कुठल्या औषधावर संशय आहे, आणि कळवणारा कोण. संशय पुरेसा आहे, सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. नाव गोपनीय राहतं. यातून भरपाई मिळणार नाही की कोणी फोन करून सांत्वनही करणार नाही. पण "आमच्याकडे असे रुग्ण येतच नाहीत" या वाक्याला उत्तर अशाच नोंदींतून तयार होतं.

कायद्याची वाट लांबची आहे. माहीत असलेला दुष्परिणाम झाला एवढ्यानं निष्काळजीपणा ठरत नाही. रेकॉर्ड नाकारलं, हक्क डावलले अशी तक्रार असेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या तक्रार निवारण कक्षाकडे जा. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. ग्राहक आयोगाकडे जायचं तर साधारण दोन वर्षांची मुदत असते. आधी वकिलाला कागद दाखवा.

पुढच्या वेळी अँटिबायोटिक लागलं तर

आणि ते लागेल. भीतीपोटी न्यूमोनियातही गोळी नाकारणारी माणसं मी पाहिली आहेत, तो मार्ग जास्त धोक्याचा. फ्लुरोक्विनोलोनचा त्रास झाला म्हणजे सगळी अँटिबायोटिक्स बंद, असं नाही. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन वेगळ्या गटातली आहेत.

पाकिटात, मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आणि प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर एक ओळ हवी: "फ्लुरोक्विनोलोन गटाची गंभीर प्रतिक्रिया, देऊ नये", त्याखाली औषधाचं नाव आणि वर्ष. नुसती "अ‍ॅलर्जी" लिहिलीत तर "पुरळ आलं होतं का? नाही ना, मग चालेल" असं होतं, म्हणून काय झालं होतं तेही लिहा. चिठ्ठी हातात आल्यावर तीन प्रश्न: हा संसर्ग जिवाणूंचाच आहे का, लघवीची कल्चर तपासणी करून मग गोळी निवडता येईल का, आणि यात माझ्या त्या गटाचं काही आहे का? मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी चौथा: यानं साखर एकदम खाली जाईल का?

मग दुकानात स्ट्रिप उलटी करून वाचायची, पैसे देण्याआधी. ब्रँड नाही म्हणून "तेच आहे, दुसऱ्या कंपनीचं" असं सांगून बदलून दिलेल्या गोळीची तर नक्कीच.